जाटांच्या आरंभीच्या इतिहासाची साधने तपासताना

पानिपतावरील मराठी लेखनातून सूरजमल जाट आपल्या परिचयाचा होतो, तो १७६१ च्या पराभवानंतर जखमी आणि उपाशी मराठ्यांना आसरा देणारा भरतपूरचा राजा म्हणून. त्याच्या मागे हा समाज कोठवर दिसतो, हे समजून घेण्यासाठी मी वाचन सुरू केले, तेव्हा उत्तरांचा तुटवडा नव्हताच. कोणी जाटांना शकांचे वंशज ठरवत होते, कोणी हेरोडोटसच्या गेटी लोकांशी त्यांचे नाते जोडत होते, तर कोणी त्यांचा उगम थेट शंकराच्या जटांत शोधत होते, आणि प्रत्येकाचा स्वर सारखाच ठाम होता. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या पिढीने आपल्याकडे अस्सल समकालीन कागद आणि मागाहून रचलेली बखर यांत फरक करण्याची जी शिस्त लावून दिली, तीच येथेही लावायची असे मी ठरवले. प्रत्येक विधान ज्या मूळ ओळीवर उभे आहे त्या ओळीपर्यंत जायचे, ती कोणी, कधी आणि कोणासाठी लिहिली ते पाहायचे, आणि तीत आलेले नाव खरोखर जाटांचेच आहे का हे शेवटी विचारायचे.

हा शेवटचा प्रश्न किती आवश्यक आहे, हे मला कोट्याजवळच्या कणसुआ येथील शिलालेखाने शिकवले. राजस्थानचा इतिहास लिहिणारे ब्रिटिश अधिकारी कर्नल जेम्स टॉड यांना तो १८२० मध्ये तेथील मंदिरात मिळाला आणि त्यांनी तो पाचव्या शतकातील एका जाट राजाचा म्हणून प्रसिद्ध केला. त्यांचे इंग्रजी भाषांतर समोर ठेवून मी पहिल्या ओळी सावकाश वाचल्या. ‘जिठ’ तुमचे रक्षण करो, असा आरंभ आहे. त्यात फूत्कारणारे सर्प राहतात आणि त्याच्या मुळातून गर्जना करणारा प्रवाह खाली येतो, असे त्याचे वर्णन पुढे येते. लहानपणापासून शंकराची स्तोत्रे ऐकलेल्या कोणालाही हे सर्प आणि हा प्रवाह ओळखता येतो. येथे शंभूच्या जटांची आणि त्यांतून उतरणाऱ्या गंगेची स्तुती आहे, राजवंशाची नव्हे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवून गेलेल्या फ्रान्झ किलहॉर्न यांनी १८९० मध्ये हा लेख नीट वाचून छापला. त्यानुसार तो शिवगण नावाच्या राजपुरुषाचा आहे, त्यात मौर्यवंशी राजा धवलाचा उल्लेख आहे आणि त्याचा काळ मालव संवत ७९५, म्हणजे इ. स. ७३८-३९ हा आहे. जाटांचा त्यात कोठेही संबंध नाही. तरीही पाचव्या शतकातील तो जाट राजा नंतरच्या इतिहासांतून पुढे चालतच राहिला. टॉड यांच्या बाजूने एवढे अवश्य म्हटले पाहिजे की, त्यांनी केवळ निष्कर्ष न देता संपूर्ण भाषांतर छापले, आणि म्हणूनच ते पडताळून पाहता येते.

चांद्र व्याकरण या जुन्या संस्कृत व्याकरणग्रंथाच्या वृत्तीतील, म्हणजे टीकेतील, ‘अजयत् जर्तो हूणान्’ (जर्ताने हूणांना जिंकले) हे उदाहरण अधिक अवघड ठरले. जाटांनी हूणांचा पराभव केला याचा हा पुरावा म्हणून ते दिले जाते, आणि पुढे हूणांना हरवणारा माळव्याचा राजा यशोधर्मनही जाट होता असे सांगितले जाते. परंतु ‘जर्तो’ हा ‘गुप्तो’ या शब्दाचा अपपाठ असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. यशोधर्मनच्या काळातील मंदसोरचा मालव संवत ५८९ चा लेख पाहिला, तर त्यात औलिकर हे कुलचिन्ह आढळते, जाट हे नाव आढळत नाही. पाठच निश्चित नसलेल्या तीन शब्दांच्या वाक्यावर एवढी मोठी इमारत उभी करणे मला पटले नाही. महाभारताच्या कर्णपर्वातील ‘जर्तिका नाम’ हे शब्द भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतही आहेत, त्यामुळे पाठाची चिंता तेथे कमी आहे. मात्र ते कर्ण शल्याला हिणवताना उच्चारतो, आणि शाकल नगराभोवतीच्या त्या लोकांना पुढील जाटांशी जोडणारा दुवा केवळ नामसादृश्याचा आहे.

सिंधमध्ये आल्यावर जमीन थोडी घट्ट लागते. चचनामा या सिंधच्या इतिहासावरील ग्रंथात, सातव्या शतकातील तेथील चच राजाने जाटांवर घातलेले निर्बंध सविस्तर दिले आहेत: त्यांनी तलवार बाळगू नये, रेशीम नेसू नये, घोड्यावर खोगीर घालू नये, अनवाणी व उघड्या डोक्याने फिरावे, बाहेर पडताना कुत्रा बरोबर ठेवावा, आणि सिंधमधील ब्राह्मणाबाद शहराच्या अधिकाऱ्याला जळण पुरवावे. मुहम्मद बिन कासिमने ७१२ च्या विजयानंतर हेच नियम चालू ठेवले, असेही तेथे म्हटले आहे. अडचण ही की, अली कूफीने हा फारसी ग्रंथ १२१६ च्या सुमारास उच येथे लिहिला. तो आपला ग्रंथ जुन्या अरबी पुस्तकाचा अनुवाद असल्याचे सांगतो. इतिहासकार मनन अहमद आसिफ यांनी मात्र २०१६ मध्ये तो तेराव्या शतकाच्या राजकीय गरजेतून रचलेला स्वतंत्र ग्रंथ असल्याचे मांडले. म्हणजे घटना आणि लेखणी यांत पाच शतकांचे अंतर पडते.

अशा वेळी दुजोरा शोधावा लागतो, आणि तो मला ८९२ मध्ये निधन पावलेल्या अल-बलाधुरी या अरबी इतिहासकाराच्या ग्रंथात मिळाला. खलिफा मुअतसिमच्या काळातील सिंधचा सुभेदार इम्रान याने जाटांना, म्हणजे अरबी लेखकांच्या ‘झुत्त’ लोकांना, बोलावून जिझिया घेतला आणि प्रत्येकाने येताना कुत्रा आणावा असे फर्मावले, त्यामुळे एका कुत्र्याची किंमत ५० दिरहमांपर्यंत चढली, असे तो लिहितो. बाजारभावाचा हा तपशील सांगण्यात लेखकाचा कोणताही स्वार्थ दिसत नाही, आणि मला तो फार मोलाचा वाटला. त्यामुळे कुत्र्याचा अपमानास्पद नियम नवव्या शतकात खरोखर होता, हे मी स्वीकारले. तो मुळात चचने घातला की इम्रानचा नियम पुढे चचच्या नावावर चढला, हा निर्णय मात्र मी खुला ठेवला, कारण अली कूफीसमोर हीच अरबी परंपरा असू शकते. ज्यांच्यावर हे नियम लादले गेले, त्यांची स्वतःची एकही ओळ या काळातून आपल्यापर्यंत आलेली नाही, याची रुखरुख हे वाचताना सतत वाटत राहिली.

याच निकषाने पुढील साधने लवकर जागेवर बसली. इराकच्या दलदलीतील झुत्तांचे बंड ८३४-३५ मध्ये मोडले गेले आणि २७,००० माणसे बंदी म्हणून नेली गेली, हे अरबी इतिहासकार तबरी सांगतो. घटना पक्की आहे, परंतु ‘झुत्त’ या नावाखाली सिंधकडून आलेले इतर लोकही गणले गेले असावेत. सातव्या शतकातील चिनी प्रवासी ह्यूएन त्संगने सिंधूकाठच्या पाणथळ प्रदेशात गुरे पाळणारी, धनी-चाकर भेद नसलेली लाखो कुटुंबे वर्णिली, पण त्यांचे नाव दिले नाही. १०३० च्या सुमारास अल-बिरूनी वसुदेवाच्या घराला गुरे राखणारे जाट, हलक्या प्रतीचे शूद्र, असे म्हणतो. कृष्णकथेचा इतिहास म्हणून हे निरुपयोगी आहे, त्या काळी जाट शब्द ऐकताच ऐकणाऱ्याला काय अभिप्रेत असे याचा पुरावा म्हणून ते उत्तम आहे.

आणि १५९५ च्या सुमाराच्या ऐन-ई-अकबरीत महसुली तक्त्यांमध्ये महालामहालाच्या (महाल म्हणजे महसुली विभाग) जमीनदारांच्या जाती नोंदल्या आहेत. तेथे जाट जमीनदार म्हणून उभे आहेत. कर आकारण्यासाठी केलेल्या या नोंदीत स्तुतीही नाही आणि निंदाही नाही. गुराख्यांपासून जमीनदारांपर्यंतचा हा बदल रहाटाच्या पाण्यावर वाढलेल्या शेतीमुळे घडला, अशी मांडणी इतिहासकार इरफान हबीब यांनी १९७६ मध्ये केली. मला ती आजवरच्या मांडण्यांत सर्वांत सुसंगत वाटते. तरी माझ्या टिपणवहीत ती साक्षींच्या पानावर न लिहिता अनुमानांच्या पानावर लिहिली आहे, कारण तिला जोडणाऱ्या साधनांमध्ये अल-बिरूनी आणि ऐन यांच्या दरम्यानची साडेपाच शतके जवळजवळ मोकळीच आहेत.