आईची केबल बंद करायला गेले त्याची गोष्ट

मे महिन्यात पोरांना सुट्टी म्हणून आठ दिवस माहेरी गेले होते. कराडच्या पुढे आमचं गाव, घरात आई एकटीच असते. एका दुपारी केबलवाला आला, आईने डब्यातून साडेतीनशे रुपये काढून दिले, त्याने चहा पिला, गुडघा कसाय वगैरे विचारलं, कॅलेंडरवर पेनाने एक टिक केली आणि गेला. ना पावती ना मेसेज. मी म्हणलं आई, महिन्याला साडेतीनशे? बघतेस काय एवढं? तर म्हणे, "सगळंच बघते की."

आता मला सवय आहे असल्या गोष्टींचा छडा लावायची, घरचे वैतागतात पण जाऊ दे. दोन दिवस मी गुपचूप वहीत लिहून ठेवलं की ही नेमकं काय लावते. सकाळी कीर्तन, दुपारी जेवताना कुठलातरी जुना मराठी पिक्चर (त्यात अर्धा वेळ झोप), संध्याकाळी सातला सह्याद्रीच्या बातम्या आणि मग साडेसात ते दहा मालिका, त्यासुद्धा दोनच चॅनलवर. एकूण पाच चॅनल! बॉक्सवर तीनशेच्या वर होते, त्यात तमिळ, बंगाली, तव्याची जाहिरात दिवसभर करणारे, सगळं आलं. पाच चॅनलचे साडेतीनशे म्हणजे चॅनलमागे सत्तर रुपये, आणि माझं डोकं तिथंच फिरलं.

कारण हा हिशोब मी एकदा पुण्यात स्वतःच्या घरी करून बसलेली आहे. ट्रायचा, म्हणजे टीव्ही-फोनवाल्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नवीन नियम १ फेब्रुवारी २०१९ ला लागू झाला तेव्हाची गंमत आठवत असेल सगळ्यांना, प्रत्येकजण कॅल्क्युलेटर घेऊन बसला होता. महिन्याला जास्तीत जास्त १३० रुपये नेटवर्कचे म्हणजे जोडणीचे, त्यात १०० चॅनल, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि पे चॅनल, म्हणजे ज्यांचे वेगळे पैसे पडतात ते, हवे तेवढेच सुटे घ्यायचे. पुढच्या वर्षी त्याच १३० मध्ये २०० चॅनल झाले. २०२४ ला ती १३० ची मर्यादाच काढून टाकली हे खरं, पण सुटे चॅनल घ्यायचा गिऱ्हाइकाचा हक्क आहे तसाच आहे. हे सगळं मला तोंडपाठ असल्यामुळे मी मोठ्या तोऱ्यात केबलवाल्याला फोन लावला. म्हणलं दादा, आईला पाचच चॅनल ठेवा, बाकी काढून टाका. तर म्हणे, "तसं होत नाय ताई, पॅकच घ्यावं लागतंय, सिस्टीमच तशी हाय." मी नियम सांगितला. तो म्हणला, "हो का? ते पुण्यात असंल." फोन कट.

मग काय, ईर्ष्येलाच पेटले. फ्री डिश लावायची!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही दूरदर्शनची म्हणजे प्रसार भारतीची डिश, २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली. महिन्याचं भाडं शून्य, रिचार्ज नाही, एकदा डिश आणि बॉक्स घेतला की संपलं. खाजगी चॅनलवाले लिलावात बोली लावून तिथे जागा घेतात, म्हणजे पैसे आपण द्यायचे नाहीत, चॅनलवाल्याने द्यायचे. त्यामुळे आज असलेला चॅनल पुढच्या एप्रिलला असेलच असं नाही. मोठ्या नेटवर्कवाल्यांनी आपले हिंदी चॅनल २०१९ ला काढले, नंतर परत आणले, एप्रिल २०२२ ला पुन्हा काढले, असा तो खेळ. हे मला वाचून माहीत होतं. पण वाचलेलं आणि आईच्या साडेसातच्या मालिकेशी जोडून बघितलेलं यात फरक असतो, तो पुढे येतोच.

कराडात एका दुकानातून डिश, एलएनबी (डिशच्या तोंडासमोर बसतो तो सिग्नल पकडणारा भाग), बॉक्स, पंधरा मीटर वायर असं सगळं मिळून अठराशे पन्नासला आणलं. दुकानदाराने विचारलं साधा बॉक्स का एमपीईजी फोर, म्हणजे नव्या पद्धतीचा, तर डोळे झाकून एमपीईजी फोर घ्या, साध्या बॉक्सवर काही चॅनल लागतच नाहीत आणि फरक दोन-तीनशेचाच पडला मला. दुकानदार म्हणाला बसवायला माणूस पाठवतो, त्याचे चारशे. मी म्हणलं कशाला, आम्ही करतो. (इथे चुकले. चारशे द्या लोकहो, खरंच द्या.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि माझा भाचा, चुलतभावाचा मुलगा, अकरावीत आहे, दोघं स्लॅबवर चढलो. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, तो ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे आपल्या भागातून तोंड आग्नेयेला करायचं. मी मोबाईलवर होकायंत्र उघडलं, आग्नेय धरली, डिश फिट केली, खाली बॉक्स चालू, टीव्हीवर स्ट्रेंथ ७८ टक्के, क्वालिटी शून्य. अर्धा तास आम्ही त्या ७८ वर खूश होतो आणि चॅनल का येईना म्हणून बॉक्सला शिव्या देत होतो. नंतर कळलं की स्ट्रेंथला काडीचा अर्थ नाही, वायर नीट जोडली असेल तर डिश भिंतीकडे केली तरी स्ट्रेंथ दाखवते, उपग्रह सापडला की नाही हे फक्त क्वालिटीचा पट्टा सांगतो. हे एक वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर सकाळ वाचली असती, म्हणून मी तुम्हाला सांगून ठेवते.

मग भाचा म्हणला आत्या, शेजाऱ्यांच्या डिशकडे बघून लावूया. लावली. शून्यच. कारण शेजाऱ्यांची डिश दुसऱ्या कंपनीची, तिचा उपग्रह ८३ अंशावर, म्हणजे बराच दक्षिणेकडे. शेवटी भाच्याच्याच लक्षात आलं की आपण लोखंडी टाकीच्या स्टँडला टेकून उभे आहोत आणि मोबाईलचं होकायंत्र टाकीजवळ एक दिशा दाखवतंय आणि चार पावलं लांब गेलं की दुसरीच. पोरगं हुशार आहे, गणितात काठावर पास असलं तरी.

लांब जाऊन दिशा धरली तर समोर आमचा पायरीचा आंबा, नेमका आग्नेयेला. आंबा तोडायचा विचार मनात आला असं मी चुकूनही बोलले नाही. डिश उचलून पुढच्या कोपऱ्यात नेली, परत चार भोकं, परत रावळबोल्ट. आई खाली टीव्हीसमोर बसून आकडे ओरडून सांगत होती, आम्ही वर केसभर केसभर डिश हलवत होतो. "आलं का?" "न्हाई." "आता?" "बारा." "आता?" "अगं गेलं की, मगाशी व्हतं तिथंच आण!" लहानपणी अण्णा कौलांवर चढून अँटेना फिरवायचे आणि आम्ही खिडकीतून ओरडायचो तेच सगळं, फक्त आता कौलांच्या जागी स्लॅब आणि अण्णांच्या जागी मी. दीडच्या सुमाराला क्वालिटी ६४ वर गेली आणि बॉक्सने धडाधड चॅनल शोधायला सुरुवात केली. भाच्याने वरून शिट्टी मारली. माझ्या पाठीची दोन दिवस वाट लागली ती वेगळी.

अजून एक, हे कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. एचडीएमआय लावायला टीव्ही भिंतीपासून ओढला तर मागे दोन गोल सॉकेट, त्यातल्या एकावर सॅटेलाईट असं लिहिलेलं. म्हणजे टीव्हीतच ट्यूनर होता, डिशची वायर थेट टीव्हीला लावली असती तरी बरेचसे फुकट चॅनल बॉक्सशिवाय दिसले असते. बऱ्याच एलईडी टीव्हींना हे असतं, घ्यायच्या आधी मागे वाकून बघा.

तर दुपारी सगळं झकास. सह्याद्री स्वच्छ, जुने पिक्चर लावणारे मराठी चॅनल आहेत, कीर्तन-भजनाचं आहे, बातम्या ढीगभर. आईने पिक्चर लावला, वीस मिनिटांत झोपली, म्हणजे पास. मी केबलवाल्याला फोन करून रुबाबात सांगितलं की आमची केबल बंद करा. तो शांतपणे "बरं ताई" म्हणाला, एवढा शांतपणे की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

सातच्या बातम्या झाल्या. साडेसात वाजले. आईने रिमोट घेतला आणि चॅनल पुढे नेत राहिली, पुढे नेत राहिली. मग रिमोट माझ्या हातात दिला. "माझी लाव." आता तिच्या मालिका स्टार प्रवाह आणि झी मराठीवर, दोन्ही पे चॅनल, फ्री डिशवर ते कुठून येणार. मी म्हणलं आई त्या मोबाईलवर दाखवते, त्याची सोय केलीये मी. ती काही बोलली नाही. आमची आई भांडली तर बरं असतं, ती गप्प बसली की घराला सुतक असल्यासारखं वाटतं.

मोबाईलची सोय म्हणजे दोन ॲप, दोन्हीचं वर्षाचं सबस्क्रिप्शन मी भरलं, ओटीपी माझ्या नंबरवर, स्टँड आणला, आयकॉन पहिल्या पानावर ओढून ठेवले, कुठे दाबायचं ते वहीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं. तिला जमलंसुद्धा, ती काही अडाणी नाही, युट्युबवर रेसिप्या बघते. आणि पैसे भरलेल्यांना भाग टीव्हीच्या आधी दिसायचा, तर ती रात्रीचा भाग सकाळीच बघून मोकळी व्हायला लागली. मला वाटलं जिंकलो. पुण्याला आले आणि दोन-चार ठिकाणी ज्ञानही पाजळलं, की केबल कशी बंद करायची, वर्षाला किती वाचतात वगैरे.

पण एक गोष्ट माझ्या वहीत नव्हती. साडेसातला आमच्याकडे शेजारच्या काकू आणि मागच्या आळीतल्या वहिनी येऊन बसायच्या, शेंगा निवडत, लसूण सोलत, आणि त्या मालिकेतल्या सासूला तिघी मिळून शिव्या द्यायच्या. सहा इंचाच्या मोबाईलसमोर तिघी कशा बसणार? आणि आईने सकाळीच भाग बघितलेला, त्यामुळे ती तोंडातून पुढचं बोलून जायची, त्यावरून काकू दोनदा रुसल्या. हे मला फोनवर कधीच कळलं नाही. फोनवर मी विचारायचे टीव्ही चालतोय ना, ती म्हणायची हो चालतोय.

गणपतीला गेले तर बाहेर धो धो पाऊस. म्हणलं बघूया आपली डिश काय म्हणतेय. जोरात पाऊस आला की डिशचा सिग्नल पडतो हे कुठल्याही डिशचं आहे, त्यामुळे स्क्रीन काळी असणार याची मनाची तयारी होती. आत गेले तर तिघी ओळीने बसलेल्या, समोर मालिका चालू, चित्र एकदम स्वच्छ! टीव्हीच्या फळीवर माझा बॉक्स, आणि त्याच्या शेजारी विणलेल्या रुमालाखाली केबलचा बॉक्स. हिरवा दिवा चालू.

मी आईकडे बघितलं. आई टीव्हीकडे.

जाहिरात लागल्यावर म्हणाली, "पावसात तुझं जातंय गं. म्हणून त्याला म्हणलं राहू दे." कधी म्हणलं? तर मी पुण्याला गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी! मे महिन्यात! मे महिन्यात कुठला आलाय पाऊस! आणि पैसे? तर म्हणे दोनशे वीस. मी म्हणलं कसं काय, साडेतीनशे होते ना? "अगं त्याला म्हणलं मला एवढीच लागत्यात, बाकी काढ. काढली त्यानं."

पाचच चॅनल. सुटे. सिस्टीममध्ये होत नव्हते ते.

महिन्याने केबलवाला वसुलीला आला तेव्हा योगायोगाने मी तिथेच होते, सर्वपित्रीला गेले होते. मी मुद्दाम विचारलं दादा, आता कसं काय जमलं पॅक सोडून? तो हसला, बशीत चहा ओतला आणि म्हणाला, "मावशी म्हणाल्या म्हणून केलं." आईने डब्यातून दोनशे वीस काढून दिले, त्याने कॅलेंडरवर टिक केली. जाताना फ्री डिशच्या वायरकडे बघून म्हणाला ताई, जॉइंट उघडा राहिलाय, पाणी जाईल, आणि खिशातून चिकटपट्टी काढून तेवढा गुंडाळून देऊन गेला.