सांभाराच्या जुडीवर अडलेले अडीच महिने: माझा अनुभव

गणपती-शारदेच्या मांडवातल्या स्पर्धा, विद्यापीठाचा युवा महोत्सव, टीव्हीची पहिली ऑडिशन, हे सगळं भराभर पार पडलं. अडलं ते माझ्या वऱ्हाडी विनोदाची संहिता वाहिनीकडून मंजूर करून घेताना. तिथे अडीच महिने गेले. त्याची चीड अजून गेलेली नाही, म्हणून तेच आधी सांगतो.

पाच मिनिटांचा मजकूर टाईप करून पाठवला. परत आला, शेरा एकच: ‘भाषा कळत नाही, प्रमाण मराठीत करा.’ केलं. ‘काहून’चं ‘का’ झालं, पोट्ट्याचा मुलगा, टोंगळ्याचा गुडघा. तोही परत आला: ‘हसू येत नाही.’ येणार कसं? वऱ्हाडी वाक्याचा हेल काढून घेतला की विनोदाचा ठेकाच जातो. नेमका कोणता शब्द कळत नाही, हे फोन करून विचारलं की ‘वर पाठवलंय, थांबा’ एवढंच उत्तर. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ साली सुरू झालं, त्यातली भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी अख्ख्या महाराष्ट्राला कळली. मग अडचण बोलीची कशी?

शेवटी मूळ वऱ्हाडी मजकूर पश्चिम महाराष्ट्रातल्या पाच जणांना वाचून दाखवला आणि ऐकणाऱ्याचा चेहरा जिथे थबकला तिथे पेन्सिलीनं खूण केली. पाच मिनिटांत खुणा निघाल्या फक्त चार! त्यातली एक अशी: ‘मायनं मले बजारात धाडलं, सांभार आन म्हणे.’ आपल्याकडे विदर्भात सांभार म्हणजे कोथिंबीर. पुण्या-मुंबईच्या माणसाला इडलीची वाटी दिसते. तो वाटीतून बाहेर येईपर्यंत पुढचा पंच, म्हणजे हशा आणणारं वाक्य, निघून जातो. शब्द बदलला नाही, वाक्य फिरवलं: ‘हिरवीगार जुडी आन म्हणे सांभाराची.’ जुडी आधी आली की पालेभाजी डोळ्यांसमोर उभी राहते, आणि बोलताना चिमटीनं पानं खुडून दाखवली की शंकाच उरत नाही. चारही जागा अशा सोडवल्या, ‘काहून’ जिथल्या तिथे ठेवलं, आणि तिसऱ्या खेपेला संहिता मंजूर झाली. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर अडीच महिने वाचले असते.

ऑडिशनचं राहिलंच. युवा महोत्सवात नकलेला पाच मिनिटं मिळतात, इथे दोन. मांडवात मागच्या रांगेचं हसू उशिरा येतं, म्हणून आपल्याला पंचनंतर थांबायची सवय असते. ऑडिशनच्या खोलीत तिघं कागदावर लिहीत बसलेले असतात, हसत कोणी नाही. तिथे थांबलात की विसरलात असं वाटतं. एक श्वास घ्या, पुढे चला. सर्वांत भारी पंच पहिल्या वीस सेकंदांत टाका.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत काम मिळत असेल तर एक हंगाम नक्की करा. रात्रभर चालणाऱ्या नाटकात पहाटे पेंगणाऱ्या माणसाला हसवणं ही खरी तालीम. तिथले विनोदी नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आणि हिंगणघाटचे सुनील पाल २००५ साली हिंदीतली टीव्हीची मोठी विनोद स्पर्धा जिंकले, तेव्हा गाव लहान आहे म्हणून मागे राहू नका.

ऑडिशनसाठी किंवा ‘आर्टिस्ट कार्ड’साठी कोणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. बारीक रेघांचा शर्ट नको, कॅमेऱ्यात रेघा थरथरतात. माईक छातीला लावतात, म्हणून छातीवर हात मारायचा अभिनय टाळा, धप्प आवाज येतो. करारात ‘दुसऱ्या वाहिनीवर काम करणार नाही’ हे कलम किती महिन्यांसाठी आहे ते सहीआधी वाचा.

आणि मंजूर संहितेची तारीख टाकलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. रेकॉर्डिंगच्या दिवशी सेटवरच्या माणसाच्या हातात माझी ‘मुलगा-गुडघा’वालीच प्रत होती, मंजूर प्रत खिशात होती म्हणून भागलं.