मुंबईच्या हवेत जुनं विमान टिकवायचं तर

वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला गेलात की एचएफ-२४ मारुत जरूर बघा. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या हाताखाली बंगळुरूत तयार झालेलं हे लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालं. त्याला दोन ऑर्फियस ७०३ जेट इंजिनं, प्रत्येकाचा जोर सुमारे २,२०० किलो. सगळे नाक आणि पंख बघतात. पण उघड्यावरच्या कुठल्याही विमानाची तब्येत कळते ती पोटाखाली वाकल्यावर.

तिथे पाणी निचरायची बारीक भोकं असतात. मेअखेर ती लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने मोकळी करायची. लोखंडी तारेने आतला रंग खरवडला की गंज तिथूनच धरतो. विमान खांबावर तिरकं चढवलेलं असेल तर भानगड वेगळी. भोकं जमिनीवर उभ्या विमानाच्या हिशेबाने पाडलेली असतात. कोन बदलला की पाणी भलत्याच कोपऱ्यात साचतं, आणि अॅल्युमिनियमचा पत्रा पोलादी बोल्टाला टेकतो तिथे खारट ओल मिळून पत्रा पापुद्र्यांनी सुटू लागतो.

चकाचक पॉलिशचा हौशी उद्योग तर करूच नये. पत्र्यावर शुद्ध अॅल्युमिनियमचा थर असतो, दर बाजूला जाडीच्या साधारण अडीच ते पाच टक्के. खरं रक्षण तोच करतो, आणि पॉलिशने आधी तोच जातो.

जेट इंजिनाच्या तोंडाला जाळी हवी (कबुतरं!) आणि वर कॅनव्हास. प्लास्टिक घट्ट गुंडाळलं तर आत घाम सुटतो.

पिस्टन इंजिनं जास्त नाजूक. तारकाकृती इंजिनात (सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले) तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत उतरतं. टायगर मॉथ या जुन्या प्रशिक्षण विमानाच्या उलट्या बसवलेल्या जिप्सी मेजर इंजिनामध्ये तर चारही सिलिंडर खालीच! तेल दाबलं जात नाही, त्यामुळे जोर लावला की पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवताना अडला तर तिथेच थांबा. उलटा फिरवून सोडवू नका. तेल इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या, नळीत जातं आणि पुढच्या वेळी परत आत ओढलं जातं. खालचे स्पार्क प्लग काढून तेल गळू द्या.

नंतर प्लगांच्या जागी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या नळ्या बसवायच्या. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली. ११० ते १२० अंशांवर काही तास वाळवले की पुन्हा निळे. पावसाळ्यात ही तपासणी दर आठवड्याला हवी.

आणि पंख्याला हात लावण्याआधी मॅग्नेटोची, म्हणजे प्लगांना ठिणगीसाठी वीज देणाऱ्या यंत्राची, वायर बघा. स्विच बंद केल्यावर याच वायरीतून मॅग्नेटो अर्थ होतो, म्हणजे ठिणगी पडत नाही. वायर तुटलेली असेल तर स्विच बंद दाखवतो आणि मॅग्नेटो जिवंतच राहतो. सिलिंडरात पेट्रोलची वाफ उरली असेल तर पंखा झटका देऊ शकतो. म्हणून तेल काढायचं नसलं तरी आधी सगळे प्लग काढा, मगच पंखा फिरवा.