वरची मळी

रविवार, रात्री साडेनऊ

सकाळपासून पाऊस हटलेला नाही. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला, असं दूधवाला सांगून गेला. दोरीवरच्या कपड्यांना तिसऱ्या दिवसाचा वास येतोय. आणि अशात चारच्या सुमाराला अण्णांनी कॉफी मागितली.

म्हणजे मागितली नाही. अण्णा कधी काही मागत नाहीत. "बारकी येणार हुती नव्हं ह्या आठवड्यात?" एवढंच म्हणाले. बारकी, माझी लेक, पुण्याला शिकते, ती काही येणार नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण ती आली की अण्णांना फेटून कॉफी देते. त्यांचा स्वतःचा उजवा खांदा मार्चपासून आखडलाय. भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम दिलाय, तो पाच बोटं वर गेला की थांबतो आणि मग त्यांना पेपर आठवतो. तर आता फेटणार कोण? घरात उरले मी.

लिहायला लाज वाटते, पण पन्नाशी आली तरी ही कॉफी मी आजवर एकदाही फेटलेली नव्हती.

मी पाचवीत असताना अण्णा ऑफिसच्या ट्रेनिंगला तीन महिने दिल्लीला गेले होते. खोलीत एक पंजाबी जोडीदार होता. परत येताना अण्णांनी एक जाडजूड रजई आणली आणि ही कॉफी आणली. रजई केव्हाच उसवली. कॉफी टिकली. शनिवारी रात्री जेवणं झाली की अण्णा बंडीवर, पाय पोटाशी घेऊन, भिंतीला टेकून बसायचे. मांडीत स्टीलचा पेला. एक चमचा कॉफी, दोन चमचे साखर, आणि पाणी चमच्याच्या टोकावरून थेंब थेंब. मग खट खट खट खट. बातम्या संपायच्या, आईची भांडी घासून व्हायची, तरी खटखट चालूच.

मी शेजारी बसून रंग बघायचे. अण्णांचं लहानपण गावाकडं गुऱ्हाळावर गेलेलं. आजोबा नावाजलेले गुळव्या. त्यामुळे रंगांची नावंही तिकडचीच. आधी काळपट, चकचकीत, चमच्यावरून तार धरणारं. "ही अजून काकवी हाय." मग तांबूस. "आता गूळ धरायलाय." आणि मग फिकट, अगदी नव्या हंगामातल्या पिवळसर ढेपेसारखा रंग आला, चमचा उलटा केला तरी खाली पडेना, की "उतरलं!" म्हणायचे, जणू चुलवाणावरून काहीलच उतरवलीय. वरून उकळतं दूध उंचावरून ओतायचं, की खालचा फेस आपोआप वर. आई म्हणायची, "च्याला पाच मिनटं लागत्यात, ह्याला अर्धी रात." आणि तरी अर्धा कप घ्यायची.

माझं काम पेला विसळायचं. तो फेस काठाला वाळला की असा कडक होतो की नखानं खरवडावा लागतो. घासणीनं निघत नाही. हे कॉफी पिणाऱ्यांना माहीत नसतं.

तसं आमचं कोल्हापूर चहाचं. इथं चहाला इतिहास आहे. गंगाराम कांबळ्यांनी भाऊसिंगजी रोडला हॉटेल घातलं, त्यांना अस्पृश्य मानत म्हणून त्यांच्या हातचा चहा प्यायला लोक तयार नव्हते, तेव्हा शाहू महाराज स्वतः दारात गाडी थांबवून तिथला चहा प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. अण्णा हे सांगताना दर वेळी हात असा करतात, कप धरल्यासारखा. कॉफीचं तसं काही नाही. कॉफी म्हणजे आमच्याकडं पाहुणे, नाहीतर जागरण.

मग आलं २०२०. बारकी दहावीला. सगळे पेपर झाले, भूगोलाचा तेवढा राहिला आणि सगळंच बंद पडलं. पाडव्याला गुढी उभारली ती लॉकडाउनच्या पहिल्या दिवशी. पुढं तो पेपर रद्दच झाला. पेपर रद्द झाला आणि घरात भूगोल सुरू झाला. एक दिवस बारकी फोन घेऊन आली, "आई, मी आज डालगोना कॉफी करतो." (इथल्या पोरी 'करतो, जातो' असंच बोलतात. पुण्यात मैत्रिणी हसतात म्हणे. हसू देत.)

पहिल्या दिवशी घरात होती ती बेळगावच्या मावशीनं दिलेली फिल्टर कॉफीची पूड. पोरीनं पाऊण तास फेटली. चिखल तो चिखलच राहिला. मग कळलं, त्याला बाटलीतली, पाण्यात पूर्ण विरघळणारीच कॉफी लागते. ती म्हणजे एकदा काढलेली कॉफी वाळवून केलेली भुकटी. फिल्टरची पूड नुसत्या दळलेल्या बिया, त्या विरघळणार कशा? कोपऱ्यावरच्या दुकानातून पुड्यांची माळ आणली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फेस धरेना. या वेळी चूक माझी. मी दिलेलं पातेलं लोणी काढायचं होतं, घासलेलं असलं तरी हाताला ओशट लागत होतं. स्निग्धाचा अंश असला की फेस बसतो, हे पोरीनं कुठंतरी वाचून मला ऐकवलं. साखरेचंही तसंच. मी गोड कमी म्हणून साखर निम्मी करायला सांगितली, तर फेस झाला, पण दहा मिनिटांत खाली पाणी सुटलं. साखरेनं पाणी जाड होतं आणि बुडबुडे धरून राहतात. साखर तिथं चवीपुरती नसतेच.

तिसऱ्या दिवशी जमलं. काचेचा ग्लास, बर्फ, थंड दूध आणि वर तो तांबूस ढीग. बारकीनं फोटो काढले, मग एक ग्लास अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी ग्लास फिरवून बघितला. खाली पांढरं, वर तपकिरी.

"हे उलटं झालंय की गं. दूध वरनं घालत्यात."

"असंच असतंय अण्णा. हे कोरियाचं हाय."

"आमचा जलम काहिलीवरची मळी काढून टाकण्यात गेला. भेंडीचं पाणी घालून घालून फेस वर आणायचा आन झाऱ्यानं काढायचा. आन तुमी फेस वर ठेवून पिताय व्हय?"

बारकी काही कमी नाही. "आणि गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीच्या धारेचा फेस मिशीला लावून घेता, तो?"

अण्णा गप्प. आई गेल्यानंतर पहिल्यांदा मी त्यांना तोंडावर हात धरून हसताना बघितलं.

नावाची गोष्ट बारकीनं नंतर सांगितली. त्याच वर्षीच्या जानेवारीत जंग इल-वू नावाचा कोरियन नट मकाऊतल्या एका साध्या हॉटेलात ही कॉफी प्यायला. ते टीव्हीवर दाखवलं. त्याला तिची चव त्यांच्याकडच्या डालगोना नावाच्या गोळीसारखी लागली, म्हणून हे नाव. कॉफीत डालगोना काहीच नाही. ती गोळी म्हणजे साखर वितळवून त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकायचा, ती फसफसून फुगते, मग थापून गार करायची. हे मात्र अण्णांना एका झटक्यात कळलं. "म्हंजे साखरेची चिक्की, जाळीची." आणि त्या मकाऊच्या हॉटेलवाल्यालाही ही कॉफी म्हणे पूर्वी कधीतरी एका परदेशी पाहुण्यानं शिकवलेली. यावर अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या खोलीतला पंजाबी लई फिरायचा."

बारकीला त्यांनी शेवटपर्यंत छळलं ते ढवळण्यावरून. ती फोटो काढायच्या आत अण्णा चमचा घालून सगळं एकजीव करून मोकळे. आणि त्या दिवसांत काचेचे ग्लास कोण विसळत होतं, ते लिहायला नकोच.

तर आज. पुडी फोडली, साखर घातली. ग्लास नको, म्हणून मांडणीवरचा तो जुना स्टीलचा पेला काढला, काठाला पोचा आलेला. बारकीला मेसेज टाकला, पाणी किती? तिचं उत्तर, "मिक्सर लाव की." एका कपाच्या कॉफीला मिक्सरचं पातं तरी पोचतं का? मी अंदाजानं पाणी घातलं आणि सुरू झाले. खट खट खट.

पाच मिनिटं झाली नसतील, बाहेरच्या खोलीतून अण्णांचा आवाज आला.

"पाणी जादा झालंय."

मी पेल्यात बघितलं. खरंच पातळ होतं, चमचा नुसता पोहत होता. पण ते सोफ्यावर, मधे भिंत, टीव्हीवर हवामानाचा अंदाज चाललेला. "तुम्हाला कसं कळलं?"

"आवाज पातळ यायलाय."

अजून एक पुडी घातली, साखर घातली. हात दुखायला लागला. कोपरापासून नव्हे, अंगठ्याच्या मुळाशी. इतकी वर्षं ते काम बघितलं आणि ते कुठं दुखतं हे माहीत नव्हतं. मधे एकदा थांबले, तर लगेच, "थांबू नगंस, आता गूळ धरंल." खरंच आवाज बदलला. खटखट जाऊन नुसतं थप थप व्हायला लागलं, पेल्याला जणू आतून अस्तर लावलंय. रंग उतरला. चमचा उलटा केला. पडेना.

मी काही म्हणायच्या आत बाहेरून आवाज आला. "उतरलं!"

दूध उकळून वरून ओतलं, त्यांच्या पद्धतीनं. पुडी जास्तीची पडली होती, म्हणून फेस उरला. फ्रीजमधल्या गार दुधावर तो मी माझ्यासाठी ठेवला, बारकीच्या पद्धतीनं. अण्णांनी डाव्या हातानं कप उचलला, माझ्या ग्लासाकडं बघितलं.

"मळी ठेवलीस व्हय वर?"

"ठेवली."

एक घोट घेतला. "कडू झालीया," म्हणाले, आणि सगळी प्यायले. मग भिंतीजवळ जाऊन बोटं चढवायला लागले. सातपर्यंत गेली.

मी ग्लास ढवळला नाही. दूध संपत आलं तसा फेस ओठाला लागत गेला. खरंच कडू होता.

पेला मोरीत तसाच पडलाय. फेस काठाला वाळून कडक झाला असेल. पाऊस वाढलाय. उद्या बघू.