लाभ, दोन, तीन

औसा. येळवसेची, म्हणजे वेळ अमावस्येची रात्र.

अण्णा गेल्यानंतरची पहिली येळवस. वर्षाच्या आत सण करायचा नाही, म्हणून घरी वरण-भातच होता. पण दुपारी तीनपर्यंत ओट्यावर अकरा डबे येऊन पडले. भज्जी, उंडे, आंबिलीच्या किटल्या. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून आई प्रत्येकात मूठभर साखर घालत बसली होती. शेवटी म्हणाली, "यांच्यामुळं साखरेचा डबा बी रिता व्हायला लागला."

वर्षभरात आमचं किराणा-भुसारचं दुकान बंद राहायचं ते फक्त याच दिवशी. येळवसेला लातूर जिल्ह्यात रस्त्यावर माणूस दिसत नाही, सगळा गाव शेतात. अण्णा टेम्पो भरून न्यायचे. आम्ही लेकरं, हमाल, हमालांची लेकरं, शेजारचे टेलरकाका. एका वर्षी स्टँडवर उघडं हॉटेल शोधत फिरणारा, नुकताच बदलून आलेला बँकेतला एक पोरगाही घेतला. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पाच पांडव, पूजा झाली की पंगत. त्या पोरानं आंबील पहिल्यांदाच प्यायली. तीन तांबे. मग बाभळीखाली जो झोपला, तो संध्याकाळी टेम्पो निघताना हलवून उठवावा लागला.

बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस मात्र अण्णा दुकानाचेच. आईला लग्नानंतर एकदाही दिवाळीला माहेरी जायला मिळालं नाही. "सीझन हाय" हे एकच उत्तर. हे ती आजही बोलून दाखवते, आणि बरोबरच बोलते.

खेड्यातली जुनी गिऱ्हाइकं शेवटपर्यंत पायलीनंच ज्वारी मागायची. अण्णा मोठ्यानं मोजायचे. पहिल्या मापाला एक नाही म्हणायचं, "लाभ". मग "दोन, दोन, दोन...", पुढचं माप भरेस्तोवर तोच आकडा घोळवत. मध्ये कुणी काही विचारलं तरी तोंडातला आकडा सुटायचा नाही. मी चौथीचा निकाल सांगायला पळत गेले तेव्हा ते सातवर होते. भुवया उंचावल्या, डोक्यावर पिठाळ हात ठेवला आणि "सात, सात, सात".

संध्याकाळी भैय्यानं माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. दिवाळीच्या पाडव्याला पूजलेल्या, लाल कापडाच्या. पहिल्या पानावर शुभ लाभ, आणि खाली दरवर्षी आम्हा भावंडांची वजनं! मी विसरूनच गेले होते. पाडव्याला पूजा झाली की पोत्यांच्या काट्यावर आम्हाला एकेक करून उभं करायचे. नवे कपडे, चपला, खिशातले फटाके सगळं धरून अर्धा किलो बारदान म्हणून वजा. "बेबी – १९ किलो ५००, बारदान वजा." अक्षर खतावणीतलंच, कोरडं.

१९९३ ची वही उघडताना हात थांबला. विसर्जनाची रात्र सरत आली होती, ३० सप्टेंबर, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. किल्लारी, सास्तूरकडची आमची कितीतरी गिऱ्हाइकं होती. जाड दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. अण्णांनी उजाडायच्या आत दुकान उघडलं, मुरमुरे, काडेपेट्या, मेणबत्त्या टेम्पोत टाकल्या आणि पावसातच तिकडं गेले. परत आल्यावर दोन दिवस बोलले नाहीत. पाडव्यापर्यंत आम्ही पत्र्याखालीच झोपत होतो. तरी त्या पानावरही वजनं आहेत. माझं आदल्या वर्षाइतकंच, पाव किलोचाही फरक नाही.

तिकडची उधारी अण्णांनी सोडून दिली, असं तेरवीला कुणीतरी भाषणात सांगितलं. चूक. त्यांनी ती वसूल केली, दहा-दहा रुपयांनी, कुणाकुणाकडून नऊ-दहा वर्षं. मी एकदा रागानं विचारलं होतं. म्हणाले, "अगं, उधारी सोडली की माणूस लाजतो. मग दुकानावरून मान खाली घालून जातो अन् समोरच्याकडून माल घेतो." यात माया किती आणि धंदा किती, हे मला तेव्हाही कळलं नाही.

भैय्या कंटाळून जेवायला गेला. मी माझ्या लग्नाच्या वर्षाची वही शोधून काढली. त्या पाडव्याला माहेरी आले होते. अण्णा गोडाऊनच्या दारात उभे राहून म्हणाले, "ये बेबी, उभी राहा." आठ-दहा हमाल चहा पीत बसले होते. मी "काहीतरीच काय अण्णा" म्हणून आत पळाले.

पानावर "बेबी –" लिहिलंय. पुढं जागा कोरी. पुढच्या वर्षी पण, त्याच्या पुढच्या वर्षी पण.