आमची वाटचाल: रेडियम लावता लावता काढायला लागलो

नाशिकमध्ये वडिलांचं दुकान होतं ते नंबरप्लेट रंगवण्याचं. ब्रश, इनॅमल रंगाचे डबे आणि टर्पेंटाईनची बाटली, एवढ्यावर घर चालायचं. पुढे रेडियमचे रोल आले, अक्षरं कटरने कापून चिकटवायला लागलो, मग मी कर्ज काढून प्लॉटर, म्हणजे स्टिकर कापायचं मशीन, घेतला. ‘दादांचा आशीर्वाद’पासून राजमुद्रेपर्यंत सगळं कापलं. पण खरा रोजचा पैसा नंबरप्लेटचाच होता. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना कंपनीकडूनच हाय सिक्युरिटी प्लेट यायला लागली आणि पुढे जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली. आमच्यासारख्या दुकानांचा गल्ला त्यात किती बसला, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

जुने स्टिकर काढायचं काम आपणहून आलं. थार नाशिकच्याच कारखान्यात बनते, इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड शिकवणारी अकादमी आहे, आणि पावसाळ्यात त्र्यंबक-हरसूलच्या चिखलात गाड्या घालणाऱ्यांची इथे कमी नाही. हौसेने लावलेले स्टिकर दोन-तीन उन्हाळे गेले की तडकतात, कडा उचलतात, त्यात माती बसते. गाडी विकायची म्हटलं की गिऱ्हाईक आधी तेच बघतं. लावून देणारी दुकानं चौकाचौकात होती, काढायला मात्र सगळे गॅरेजवाल्याकडे जायचे आणि गॅरेजवाला थिनरचा बोळा फिरवायचा. तसे खराब झालेले पॅनल घेऊन लोक आमच्याकडे यायला लागले, तेव्हा मी या कामाकडे नीट बघायला सुरुवात केली.

थिनर पत्र्यावरच्या कंपनीच्या पक्क्या रंगाला एकवेळ चालून जातो. प्लास्टिकचं तसं नाही, कारण तिथे आधी कोणतं प्लास्टिक आहे ते कळायला हवं. आमच्याकडे गाडी आली की पहिलं काम म्हणजे हात घालून किंवा आरसा धरून पॅनलची मागची बाजू बघणं. बहुतेक भागांवर साच्यातच अक्षरं उठवलेली असतात. ‘पीपी’ लिहिलेलं असलं, किंवा पुढे ईपीडीएम (मिसळलेलं रबर) आणि टाल्क (मिसळलेली खनिज पूड) यांची अक्षरं असली, तर तो पॉलिप्रॉपिलीन. डर्ट बाइकची मडगार्डं, थारसारख्या गाड्यांचे बिनरंगाचे काळे बंपर आणि चाकावरच्या कमानी साधारण याच जातीच्या. हे प्लास्टिक चिवट, थिनरने लगेच विरघळत नाही. ‘एबीएस’, म्हणजे दुसऱ्या जातीचं कडक प्लास्टिक, लिहिलं असेल तर थिनर किंवा अ‍ॅसिटोनने पृष्ठभाग पांढुरका पडून चिकट होतो, आणि ते परत येत नाही. ‘पीसी’, म्हणजे पॉलिकार्बोनेट, हेडलाइटच्या काचेत असतं. त्यावर नुसता बोळा फिरला तरी बारीक तडे पडू शकतात. म्हणून हेडलाइट आणि हेल्मेट आम्ही फक्त कोमट साबणपाण्याने करतो. त्याने निघालं नाही तर तसंच परत देतो. हेल्मेटच्या कवचाला रसायन लावून कुणाचं डोकं जोखमीत घालायचं नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी.

पीपीची गंमत अशी की त्याला साधा गम धरतच नाही. म्हणून डर्ट बाइकच्या ग्राफिक्सचा व्हिनाइल, म्हणजे ज्यातून स्टिकर कापतात तो प्लास्टिकचा पातळ थर, जाड असतो आणि त्याचा गम फार आक्रमक. काढताना स्टिकर वर येतो आणि गम तिथेच बसून राहतो, वर त्यात धुळीचा थर. आधी शॅम्पूने धुणं, नाहीतर वाळूचे कण घासून ओरखडे पडतात. मग हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं मशीन, सतत हलती ठेवून, पॅनल हाताला सोसेल इतकंच गरम. स्टिकर वर न ओढता मागे दुमडून, पॅनलला समांतर, सावकाश ओढायचा. इथे घाई करणारं पोरगं आम्ही कामावर ठेवत नाही.

उरलेल्या गमावर लगेच रसायन ओतायची गरज नसते. रुंद चिकटपट्टी दाबून झटक्यात उचलली की बराच गम पट्टीबरोबर येतो, कारण गम प्लास्टिकपेक्षा गमालाच जास्त धरतो. राहिलेल्याला निलगिरी तेल. वास नाकात जातो, पण जुना गम ते छान मऊ करतं. काळ्या खडबडीत बंपरच्या दाण्यात अडकलेला गम नायलॉनच्या मऊ ब्रशने काढतो. फारच हट्टी असेल तर वडिलांचं टर्पेंटाईन, तेही पीपीवरच आणि पुसून लगेच साबणाने धुवून. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात, म्हणजे तेलकटपणा जातो. रॉकेलने गम निघतो हे खरं, पण तेलाचा थर मागे राहतो आणि त्यावर नवा स्टिकर टिकत नाही. पत्र्यावर चालणारं रबराचं व्हील ड्रिलला लावून प्लास्टिकवर फिरवणारे महाभाग पण आहेत. प्लास्टिक वितळून गमासकट चोळलं गेलं की मग आमच्याकडे येऊनही उपयोग नसतो.

पेट्रोलच्या टाकीवर हीट गन नाही, हा दुकानातला नियम. प्लास्टिकच्या टाकीतून पेट्रोलची वाफ हळूहळू झिरपते, स्टिकरखाली फुगे येतात ते त्यामुळेच. लोक स्टिकरवाल्याला शिव्या देतात. टाकीसाठी बारीक छिद्रं पाडलेला व्हिनाइल मिळतो, तोच लावायचा. काढताना टाकी रिकामी करून कोमट पाण्याचं फडकं धरायचं, बस.

सगळ्यात जास्त वाद होतात ते सावलीवरून. उन्हाने आजूबाजूचं प्लास्टिक करडं पडलेलं असतं आणि स्टिकरखालचं कोरं काळं राहतं. “अहो भाऊ, डाग राहिला की!” “भाऊ, डाग नाही तो. तुमची गाडी शोरूममधून आली तेव्हा सगळी अशीच होती.” काळ्या पॅनलवर ट्रिम रिस्टोअरर, म्हणजे प्लास्टिक पुन्हा काळं दिसायला लावायचं द्रावण, लावून फरक बराच झाकता येतो. नुसती हीट गन फिरवून काळं करून देणारे असतात, पण ते चार महिन्यांत पुन्हा करडं होतं. लाल किंवा नारिंगी मडगार्डचा रंग उडाला असेल तर मी स्पष्ट सांगतो की याला औषध नाही, आधीच्या आकारापेक्षा मोठा स्टिकर लावा किंवा मडगार्ड बदला. आता हे काम हातात घेण्याआधी सांगतो आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवतो. भांडणं जवळजवळ थांबली.

देवांच्या स्टिकरचं वेगळंच. सप्तशृंगीचा किंवा खंडोबाचा स्टिकर खरवडताना मालकाचा चेहरा पडतो. तो आम्ही शक्यतो अखंड काढतो आणि बटर पेपरवर चिकटवून मालकाच्या हातात देतो. कुणी म्हणतं गोदावरीत सोडून द्या, कुणी म्हणतं जाळून टाका. पण व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. ते पाण्यात कुजत नाही आणि जाळलं तर धूर विषारी. मालक घेऊन जातो, काय करायचं ते त्याचं तो ठरवतो.

आता पावसाळा संपला की एटीव्ही (चिखलात चालवायच्या चारचाकी बाइक) भाड्याने देणारे रिसॉर्टवाले येतात, मागच्या हंगामातल्या जाहिराती काढून घ्यायला. भाव आम्ही तासावर लावत नाही, पॅनलवर लावतो. उन्हात किती वर्षं उभी होती हे विचारून मगच आकडा सांगतो. सावलीत ठेवलेल्या गाडीचं काम अर्ध्या वेळात होतं आणि त्याला आम्ही पैसेही कमी घेतो. प्लॉटर अजून चालू आहे. काढून झाल्यावर निम्मे लोक तिथेच उभे राहून नवीन डिझाइन निवडायला लागतात.