सरस-निरस

साताऱ्याला दिवाणी कोर्टात मी सात वर्षं काढली, त्यातली बरीचशी वाटपाच्या दाव्यांत. विहीर एक आणि भाऊ चार. कोर्ट कमिशनरनं केलेलं सरस-निरस वाटप, म्हणजे चांगलं-वाईट तोलून पाडलेले सारख्या किमतीचे हिस्से, दोन मिनिटं चाळलं की कळायचं, माणूस कामाचा आहे की उरकणारा. ती नजर अजून गेलेली नाही. या प्रकरणात तिनंच घोटाळा केला.

आता मी व्हर्जिनियातल्या एका काउंटी कोर्टाच्या तळघरात जुन्या सुट्या कागदांची सूची करते. सिनेमातले पांढरे हातमोजे आम्ही घालत नाही. मोज्यातून कागद बोटांना कळत नाही आणि फाटतो. हात धुवायचे, तिघडी उलगडायची, वजन ठेवायचं, वाचायचं. बस्स.

मिझुरीतून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं होतं. आपल्या पूर्वजांचा माग काढणारे आफ्रिकन अमेरिकन लोक बहुधा 1870 च्या जनगणनेपाशी येऊन अडकतात, कारण सगळ्यांची नावं लिहिलेली ती पहिलीच. 1850 आणि 1860 मध्ये गुलामांसाठी वेगळे तक्ते होते, पण त्यांत नाव मालकाचं. खाली नुसतं वय, स्त्री की पुरुष, वर्ण. बाईंचे खापरपणजोबा 1870 ला मिझुरीत होते, वय 52, जन्म व्हर्जिनिया. आडनाव आमच्याकडच्या एका घराण्याचं. एवढाच धागा.

मला पाच आठवडे लागले. याचं श्रेय आमच्या जुन्या सूचीला. कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी ती कार्डांवर मोठ्या निष्ठेनं केली आहे: मयताचं नाव, वर्ष, ‘इस्टेट’. आतल्या अकरा गुलाम माणसांचा पत्ता नाही. त्यांची नावं कागदावर ठळक होती, वाचलीही असणार. लिहावीशी वाटली नाहीत.

मयत काही बडी असामी नव्हता. गहू, थोडी गुरं, दारूची एक भट्टी. मृत्युपत्र न करता गेला. कोर्टानं शेजारचे तीन शेतकरी नेमले, त्यांनी शपथ घेऊन घरभर फिरून यादी केली, प्रत्येक वस्तूपुढे डॉलर मांडले. पिसांची गादी. तांबडी घोडी, डोळ्यानं अधू. मग अकरा माणसं. मग नांगराचे दोन फाळ. यादीत एका ओळीत एक बाई, ‘आणि तिचा मुलगा’, मुलाच्या नावासकट. नावं इथे देत नाही. ती ज्यांची आहेत त्यांच्या घरी आधी पोचावीत, असा आमच्या कामातला माझा दंडक.

वर्षभरानं, 1824 मध्ये, त्याच तिघांनी केलेली वाटणी. विधवेला कायद्यानं एक तृतीयांश, तोही हयातीपुरता. त्यात चार माणसं गेली. उरली सात, वारस चार. अक्षर मोत्यासारखं. पहिल्या चिठ्ठीत, म्हणजे पहिल्या वारसाच्या हिश्श्यात, एक धडधाकट माणूस, 425. दुसरीत ती बाई 300 आणि तिचं अंगावरचं मूल 50. तिसरीत एक तरुण पोरगा 300, सोबत एक म्हातारी, उणे 40. होय, उणे. काम होत नाही, खायला लागतं, म्हणून तिला घेणाऱ्याला भरपाई. चौथीत अकरा वर्षांची मुलगी 225 आणि सहा वर्षांचा मुलगा 140. एकूण 1400, प्रत्येकी 350. पहिल्यानं तिसऱ्याला 75 द्यावे, चौथ्यानं तिसऱ्याला 15. दुसऱ्यानं कुणाला काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही.

आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? वा. चार हिस्से, दोनच देणी, पै न् पै जुळलेली. असा कमिशनर साताऱ्याला मिळाला असता तर निम्मी अपिलं झाली नसती.

मग ‘सहा वर्षांचा मुलगा’ याच्यापुढचं नाव वाचलं.

माझा शेजारच्या टेबलावरचा सहकारी भला माणूस आहे, पण त्याच्या तोंडी एक वाक्य कायम असतं: छोट्या शेतकऱ्यांची ओढाताण असायची, मोठे लोक कुटुंबं सांभाळून ठेवत. मी त्याला म्हटलं, जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था 1802 मध्ये वारल्या तेव्हा त्यांच्या माउंट व्हर्नन या इस्टेटीवरच्या दीडशेवर गुलाम माणसांची वाटणी चार नातवंडांत झाली. त्यांच्याही वाट्याला ती हयातीपुरतीच होती, पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतून आलेली. त्याहून मोठं घर या देशात कुठलं? तो म्हणाला, तो काळच तसा होता. काळाला बरं असतं, त्याला कुणी उलटतपासणीला बोलावत नाही.

त्या दुपारी मी काम सोडून एका पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडत बसले. मुलगा आईबरोबर ठेवला असता तर? दुसरी चिठ्ठी 490, चौथी 225. मग पहिल्यानं 75 द्यायचे, दुसऱ्यानं 140, आणि त्यातून तिसऱ्याला 90, चौथ्याला 125. जुळतं! 215 ला 215. फक्त दुसऱ्या भावाला 140 डॉलर रोख काढावे लागले असते. वायदा, हप्ते, काहीतरी निघालं असतं. मी हप्ते पाडायला लागले. म्हातारीचे उणे 40 दुसरीत घातले तर रोख शंभरावर येते...

तिथे हात थांबला. दोनशे वर्षांनी त्या तिघांच्या शेजारी चौथी मी बसले होते. आणि त्यांच्यापेक्षा बरं वाटप करत होते.

चौथी चिठ्ठी मुलीच्या नावावर होती, म्हणजे त्या काळच्या कायद्यानं जावयाच्या हातात. जावयाचं आडनाव बाईंच्या खापरपणजोबांच्या आडनावाशी जुळलं. तो जावई पुढे मिझुरीला गेला, त्याच्या जमीनविक्रीचं खत आमच्याकडेच आहे.

बाईंना मी फोन केला. शिक्षिकाच त्या, मध्ये बोलल्या नाहीत, लिहून घेत होत्या. आईच्या नावाचं स्पेलिंग दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, “किंमत किती लावली होती?”

“एकशे चाळीस.”

“आणि त्याच्याबरोबर कोण गेलं?”

“अकरा वर्षांची एक मुलगी. नात्यातली असेल असं कागदावरून दिसत नाही.”

“असू दे. कुणीतरी होतं.”

पाकिटावरचा हिशेब मी त्यांना सांगितला नाही. सांगायला हवा होता का, हे अजून ठरत नाही. तो खरा आहे, पण त्यांच्या कुठल्या कामाचा? आणि न सांगून मी कुणाला जपतेय, त्यांना की मला?

“आईच्या अंगावरचं ते मूल,” त्या म्हणाल्या, “त्याचं नाव?”

“लिहिलेलं नाही.”

“मुलगा की मुलगी?”

“तेही नाही.”

बराच वेळ कागदाचा आवाज येत राहिला. मी सांगितलं, दुसऱ्या चिठ्ठीवाला भाऊ याच काउंटीत राहिला, इथेच वारला. म्हणजे त्याचीही यादी झाली असणार. तोवर ते मूल मोठं झालेलं असेल, जगलं असेल तर, आणि मोठ्या माणसाला नाव लिहावंच लागतं. तो खंड वरच्या मजल्यावर आहे, सोमवारी काढते.